दातांची ठेवण : एका ‘स्वाभाविक’ कल्पनेचा इतिहास

पाणिनीच्या अष्टाध्यायीतील पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ‘दंतुर’ हा शब्द सिद्ध करण्यासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची पडले आहे. ‘दंत’ या शब्दाला ‘उर’ हा प्रत्यय लागतो, परंतु दात उन्नत असतील तरच. एरवी ज्याला दात आहेत तो नुसता ‘दंतवान्’, असा वृत्तिकारांचा खुलासा आहे. मराठीत हा शब्द माणसाच्या मुखातून निघून भूगोलाच्या पुस्तकात जाऊन बसला. आता आपल्याकडे किनारा दंतुर असतो. माणसाचे दात नुसते ‘पुढे’ असतात, ‘वेडेवाकडे’ असतात किंवा ‘एकावर एक’ असतात. हे सर्व शब्द वर्णनपर आहेत. दात कोठे आहेत ते त्यांवरून कळते. ते कोठे असावयास हवे होते याविषयी मात्र ते फारसे बोलत नाहीत.

दात सरळ करण्याच्या आधुनिक विद्येची, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सची, परिभाषा याहून वेगळी आहे. तिच्या मुळाशी ‘नॉर्मल’ हे विशेषण आहे आणि ते एकाच वेळी दोन गोष्टी सांगते : बहुधा जे आढळते ते, आणि जे असावे ते. लॅटिनमध्ये ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्या लावून पाहिल्यावर लाकूड वाकडे ठरते, गुण्या कधी वाकडा ठरत नाही. दातांच्या बाबतीत हा गुण्या कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर तयार केला, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक दंतवैद्य नाही. भाषाशास्त्राच्या, विशेषतः दंत्योष्ठ्य ध्वनींच्या, अभ्यासातून तो या विषयाकडे आला. तो कसा आला हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल. इंग्रजीत ज्याला ‘ऑक्लूजन’ म्हणतात त्यासाठी येथे ‘ठेवण’ हा रूढ मराठी शब्द वापरला आहे. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांना किंचित झाकून त्यांच्या पुढे बसतात त्या ठेवणीला ‘झाकती’ आणि दोन्ही दातांच्या कडा एकमेकींवर येऊन टेकतात त्या ठेवणीला ‘भिडती’ असे म्हटले आहे. वाचकाने दाढा मिटून आरशात पाहिले तर त्याची स्वतःची ठेवण बहुधा झाकती असल्याचे त्याला दिसेल.

प्राचीनांना दातांची विषमता दिसत नव्हती असे नव्हे. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात उंच टाळू आणि एकावर एक चढलेले दात यांची नोंद आहे, व ती डोकेदुखी आणि कान वाहणे यांच्या सोबतीने येते. माधवनिदानात ‘कराल’ नावाचा दंतरोग सांगितला आहे. दातांचा आश्रय केलेला वायू त्यांना हळूहळू विकट करतो अशी त्याची संप्राप्ती असून तो असाध्य मानलेला आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस अधिक व्यवहारी दिसतो. दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा दात उगवला तर दुधाचा काढून टाकावा आणि नवा दात त्याच्या जागी येईपर्यंत रोज बोटाने ढकलीत राहावे, असे तो सांगतो. दातावर थोडा पण सतत दाब दिला असता तो हाडातून सरकतो, हे ऑर्थोडॉन्टिक्सचे मूलतत्त्व या एका सल्ल्यात आलेले आहे. मात्र या तिन्ही ठिकाणी प्रश्न एका विशिष्ट दाताचा वा विशिष्ट रोग्याचा आहे. सर्व मानवजातीची म्हणून एक दंतपंक्ती असते आणि तिच्याशी प्रत्येकाची तुलना करावयाची असते, ही कल्पना तेथे नाही.

ती अठराव्या शतकातही स्पष्ट नव्हती. पिएर फोशार याने १७२८ साली पॅरिसमध्ये आपला दंतशल्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सोन्याची किंवा चांदीची पट्टी दातांच्या ओळीला लावून ती दोऱ्याने बांधण्याची युक्ती वर्णिलेली आहे. फोशार हा कुशल कारागीर होता. आडवा आलेला दात ओळीत आणावयाचा, एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. पुढे १७४१ साली निकोला आंद्री या वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे दूर करण्याच्या विद्येला ग्रीक ‘ऑर्थोस’, म्हणजे सरळ, आणि ‘पायदिऑन’, म्हणजे मूल, या दोन शब्दांवरून नाव दिले. त्याच्या पुस्तकातील खांबाला बांधलेल्या वाकड्या रोपट्याचे चित्र आजही अस्थिवैद्यांचे बोधचिन्ह म्हणून ओळखले जाते. बरोबर शंभर वर्षांनी, १८४१ मध्ये, लफुलाँ या फ्रेंच दंतवैद्याने त्याच साच्यात ‘ऑर्थोदोंतोझी’ हा शब्द घडविला. शब्दाबरोबर रोपट्याची उपमाही दातांना चिकटली. रोपटे सरळ वाढावे हा निसर्गाचा हेतू, वाकडे झाले तो अपघात आणि खांब बांधणारा माळी हा निसर्गाचा साहाय्यक, अशी ती विचारसरणी होय. नव्या विद्येचे नामकरण झाले तेव्हाच तिचे तत्त्वज्ञानही अर्धे ठरून गेले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

उरलेले अर्धे तत्त्वज्ञान अमेरिकेत तयार झाले. एडवर्ड हार्टली अँगल (१८५५–१९३०) हा या शास्त्राचा जनक मानला जातो. १८९९ साली त्याने दातांच्या विषम ठेवणीचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. वरची पहिली कायमची दाढ ही त्याने स्थिर खूण मानली. तिचा पुढील बाह्य उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसत असेल आणि सर्व दात एका सुरेख वक्ररेषेत असतील तर ठेवण स्वाभाविक. दाढा योग्य पण पुढचे दात वाकडे असतील तर पहिला वर्ग. खालची दाढ असावी त्यापेक्षा मागे असेल तर दुसरा. पुढे असेल तर तिसरा. वर्गीकरण इतके सुटसुटीत होते की त्याने पूर्वीची सर्व वर्गीकरणे मागे सारली. भारतातील दंतमहाविद्यालयांत विद्यार्थ्याला आजही प्रथम अँगलचेच वर्ग शिकविले जातात.

शास्त्र म्हणजे वर्गीकरण, असे मानणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाला अँगलविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. तथापि त्याच्या वर्गीकरणात एक विलक्षण गोष्ट आहे. विषमतेचे तीन वर्ग आहेत. स्वाभाविक ठेवणीला वर्गच नाही. ती वर्गीकरणाच्या बाहेर, त्याची कसोटी म्हणून उभी आहे. तिचे प्रमाण म्हणून अँगलने आपल्या ग्रंथात एका कवटीचे चित्र दिले. बत्तीसही दात निर्दोष असलेली ही कवटी ‘ओल्ड ग्लोरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकन लोक आपल्या राष्ट्रध्वजाला लाडाने हेच नाव देतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कवटीकडे कोणत्या भावनेने पाहिले जात होते ते उमगते. चेहऱ्याच्या सौंदर्याचा नमुना म्हणून अपोलो बेल्व्हेदेर या पुतळ्याकडे बोट दाखविले जाई. सेंट लुईसमधील चित्रकलेचे अध्यापक एडमंड व्युर्पेल यांचा सल्ला अँगलने घेतला होता. मानवी चेहऱ्यांच्या असंख्य जातींना एकच सौंदर्यसूत्र लावता येणार नाही, असे व्युर्पेल यांनी त्याला समजावले. अँगलने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र नमुनेदार आहे : प्रत्येकाचे बत्तीस दात योग्य जागी बसविले की प्रत्येकाला त्याच्यापुरते सौंदर्य आपोआप प्राप्त होईल. म्हणजे सौंदर्याची विविधता त्याने मान्य केली, पण ठेवणीचे एकत्व सोडले नाही.

यातून एक अत्यंत व्यावहारिक आज्ञा निघाली : दात काढावयाचे नाहीत. जबड्यात जागा कमी असेल तर कमान रुंदावून सर्व दात बसवावे. नव्या जागी दात काम करू लागले की हाड त्यांच्याभोवती वाढेल. हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या कार्यभाराप्रमाणे बदलते, हा जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ याचा १८९२ मधील सिद्धांत अँगलच्या हाती होता. सुरुवातीला तो स्वतःही प्रसंगी दात काढीत असे, पण १९०७ च्या आपल्या ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्याचे मत पक्के झाले होते. १९११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंघाच्या अधिवेशनात शिकागोच्या कॅल्विन केस याने या मताला उघड विरोध केला. केसचे म्हणणे असे की, विषमता पुष्कळदा आनुवंशिक असते आणि अशा मुखात सर्व दात बसविण्याचा हट्ट धरल्यास ओठ पुढे येऊन चेहरा बिघडतो. म्हणून काही निवडक रोग्यांचे दात काढणे योग्य. अँगलचा शिष्य मार्टिन ड्यूई याने त्याला उत्तर दिले. वाद विकोपाला गेला आणि व्यावसायिक मत अँगलच्या बाजूने झुकले. आज तो वाद वाचताना केस अधिक संयमी वाटतो, निदान प्रस्तुत लेखकाला तरी. पण संयमी माणसाचे मत सभेत पडते, हा अनुभव केवळ दंतवैद्यांच्या सभेपुरता नाही.

अँगलच्या मृत्यूनंतर त्याच्याच शिष्याने त्याची आज्ञा मोडली. ॲरिझोनातील टूसॉन येथे व्यवसाय करणाऱ्या चार्ल्स ट्वीड याला असे आढळले की, गुरूच्या पद्धतीने सरळ केलेले दात काही वर्षांत पुन्हा वाकडे होतात आणि चेहरेही पुढे आलेले दिसतात. त्याने अशा रोग्यांच्या चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे शंभर रोग्यांच्या दोन्ही उपचारांच्या नोंदी ठेवल्या. लंबक दुसऱ्या टोकाला गेला. किती गेला याचे एक मोजमाप उपलब्ध आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चिकित्सालयातील नोंदी तपासून विल्यम प्रॉफिट यांनी १९९४ मध्ये दाखविले की, उपचारासाठी दात काढलेल्या रोग्यांचे प्रमाण १९५३ मध्ये ३० टक्के होते, १९६८ मध्ये ते ७६ टक्के झाले आणि १९९३ मध्ये २८ टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत एका प्रांतातील मुलांचे जबडे एवढे लहानमोठे होत नसतात. बदलले ते उपचार करणारांचे मत. त्या मताची किंमत मात्र चार निरोगी दातांच्या रूपाने बारा-चौदा वर्षांच्या मुलाने दिली, अथवा ते न काढल्यामुळे पुन्हा वाकड्या झालेल्या ओळीच्या रूपाने.

गुण्या अधिक नेमका करण्याचे प्रयत्नही याच काळात झाले. ब्रॉडबेंट याने १९३१ मध्ये क्ष-किरणांनी डोक्याची प्रमाणबद्ध छायाचित्रे घेण्याची रीत घालून दिली आणि दातांबरोबर जबड्याच्या हाडांचे कोनही मोजता येऊ लागले. डाउन्स याने १९४८ मध्ये स्वाभाविक चेहऱ्याची जी कोनमापे प्रसिद्ध केली ती बारा ते सतरा वर्षे वयाच्या, उत्कृष्ट ठेवणीच्या वीस गोऱ्या अमेरिकन मुलामुलींवरून काढलेली होती. लॉरेन्स अँड्र्यूज याने १९७२ मध्ये आदर्श ठेवणीच्या सहा किल्ल्या सांगितल्या; त्यांचा आधार उपचाराविना सुंदर दात लाभलेल्या १२० व्यक्तींचे साचे होते. मोजमाप चोख आहे, याबद्दल शंका नाही. परंतु आधी सुंदर दात निवडावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची आणि ती सरासरी इतरांना लावावयाची, ही रीत शिष्टांच्या बोलीवरून प्रमाणभाषेचे व्याकरण रचण्याच्या रीतीशी इतकी जुळते की तिचे गुणदोष आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भारतीय संशोधकांनी पुढे आपल्याकडील निरनिराळ्या समूहांची स्वतंत्र कोनमापे घेतली. म्हणजे बोलींचीही व्याकरणे झाली.

मूळ प्रश्नाला हात घातला तो ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील पर्सी रेमंड बेग याने. बेग हाही अँगलचाच विद्यार्थी. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या जुन्या कवट्या अभ्यासताना त्याला आढळले की, या लोकांचे दात आयुष्यभर झिजत असत. चावण्याच्या पृष्ठावर ते झिजत, तसेच शेजारच्या दाताला घासून बाजूंनीही झिजत. त्यामुळे प्रत्येक दाताची रुंदी कमी होऊन सबंध ओळ आखूड होई. पटाशीचे दात झिजून त्यांच्या कडा समोरासमोर येत. म्हणजे प्रौढ माणसाची ठेवण भिडती असे. १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात बेगने अँगलच्या कसोटीचा पायाच काढून घेतला. पुस्तकांत स्वाभाविक म्हणून दाखविलेली न झिजलेली, झाकती ठेवण ही मानवाच्या दीर्घ इतिहासात प्रौढपणी टिकणारी अवस्था नव्हतीच. मऊ अन्नामुळे दात झिजेनासे झाले म्हणून ती टिकली, असे त्याचे प्रतिपादन होते. झिजेने जी जागा मिळाली असती ती उपदाढा काढून मिळवावी, असा व्यावहारिक निष्कर्ष त्याने त्यावरून काढला. हा निष्कर्ष पुढे सर्वांना मान्य झाला नाही. परंतु निष्कर्ष बाजूला ठेवला तरी निरीक्षण उरतेच.

ते निरीक्षण मानवशास्त्रज्ञांनी उचलले. मिशिगन विद्यापीठाचे लोरिंग ब्रेस यांनी १९७७ मध्ये असा तर्क मांडला की, युरोपात झाकती ठेवण सार्वत्रिक झाली ती गेल्या दोन-अडीचशे वर्षांत, म्हणजे जेवणाच्या मेजावर काटे-सुरी आल्यानंतर. त्यापूर्वी लोक मांसाचा तुकडा पटाशीच्या दातांत धरून हाताने ओढीत किंवा तोडीत. चीनमध्ये अन्न आधीच बारीक चिरून शिजविण्याची रीत फार जुनी, म्हणून तेथे ही ठेवणही कित्येक शतके आधी आली असावी, असे ते म्हणत. काट्याचा हा तर्क रंजक आहे आणि म्हणूनच त्याविषयी थोडे सावध राहावे. रॉबर्ट कोरुचिनी यांचे काम कमी रंजक पण अधिक भक्कम आहे. कठीण व तंतुमय अन्नावर वाढलेल्या आणि शिजवलेल्या, मऊ अन्नावर वाढलेल्या पिढ्यांची त्यांनी अनेक देशांत तुलना केली. त्यांत उत्तर भारताचाही समावेश आहे : १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांना व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना पंजाबी ग्रामीण तरुणांपेक्षा शहरी तरुणांत विषम ठेवणीचे प्रमाण अधिक आढळले. दोन्ही गटांचे कूळ एकच, त्यामुळे फरक आनुवंशिक म्हणता येत नाही. वाढत्या वयात चावण्याचे श्रम कमी झाले की जबडा पुरेसा वाढत नाही आणि दातांना जागा अपुरी पडते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. थोडक्यात, अँगलच्या वर्गीकरणात जे विषम आहे त्याला इतिहास आहे; आणि जे स्वाभाविक म्हणून वर्गीकरणाबाहेर ठेवले आहे त्यालाही इतिहासच आहे. दोन्ही बऱ्याच अंशी चुलीतून आलेले आहेत.

यावरून दात सरळ करण्याचा उपचार निरर्थक ठरतो असे कोणी समजू नये. पुढे आलेले दात पडण्याझडण्यात तुटतात. एकावर एक चढलेले दात स्वच्छ करणे कठीण जाते. खालचा जबडा पुढे असलेल्या मुलाला घास तोडता येत नाही. आणि शाळेत दातांवरून पडलेले नाव माणसाला आयुष्यभर पुरते. उपचार कसा घडतो हेही आता चांगले ठाऊक आहे. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट याने १९०४ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, दात ज्या बाजूला ढकलला जातो त्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. दाब अतिरिक्त झाला तर मधल्या ऊतींचा रक्तप्रवाह थांबून दात अडकून राहतो. हाडाचा हा गुण वयाबरोबर नाहीसा होत नाही. म्हणून दात प्रौढ वयातही सरकविता येतात, फक्त गती मंद असते व हिरड्यांचे आरोग्य आधी पाहावे लागते. जबड्याची वाढ मात्र प्रौढात संपलेली असते, आणि जेथे दोष दातांचा नसून जबड्याचा आहे तेथे मुलाला जे साध्या उपकरणाने साधते त्यासाठी मोठ्या माणसाला शस्त्रक्रिया पत्करावी लागते. बुओनोकोर याने १९५५ मध्ये दाताच्या आवरणावर आम्लाने सूक्ष्म खरबरीतपणा आणून त्यावर पदार्थ चिकटविण्याची युक्ती दाखविली. तिच्यामुळे पुढे प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसविण्याची गरज उरली नाही. केसलिंगने १९४५ मध्ये सुचविलेली, दातांवर बसणाऱ्या लवचिक साच्यांची कल्पना शतकाच्या अखेरीस संगणकाच्या साह्याने पारदर्शक साच्यांच्या रूपाने बाजारात आली. तार लावण्याचा ज्यांना संकोच वाटे असे प्रौढ लोक त्यानंतर मोठ्या संख्येने दंतवैद्याकडे जाऊ लागले.

उपचाराची गरज कोणाला, हे ठरविण्यासाठी ब्रिटनमध्ये ब्रुक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये एक निर्देशांक तयार केला. सरकारी खर्चाने कोणाचे दात सरळ करावयाचे हा प्रश्न त्यामागे होता. त्याचा एक भाग आरोग्याचा. त्यात विषमतेच्या पाच श्रेणी असून वरचे दात किती मिलिमीटर पुढे आहेत याला महत्त्व आहे. दुसरा भाग रूपाचा. त्यात सुंदर ते विद्रूप अशा क्रमाने लावलेली दातांची दहा छायाचित्रे आहेत. ‘स्वाभाविक’ म्हणजे ‘बहुधा आढळणारे’ आणि ‘स्वाभाविक’ म्हणजे ‘असावे असे’ हे अँगलने एकत्र बांधलेले दोन अर्थ येथे पुन्हा वेगळे झाले, आणि त्यांच्या शेजारी ‘पाहणाऱ्याला बरे दिसणारे’ हा तिसरा अर्थ उघडपणे येऊन बसला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रामाणिकपणा अँगलच्या कवटीपेक्षा अधिक शास्त्रीय आहे.

आता भाषेकडे वळू. ‘फ’चा घर्षक उच्चार आणि ‘व’ हे ध्वनी खालचा ओठ वरच्या पटाशीच्या दातांच्या कडेजवळ नेऊन होतात. झाकत्या ठेवणीत खालचा ओठ त्या कडेखाली आयताच असतो. भिडत्या ठेवणीत त्याला मागे ओढावे लागते. हे ध्यानात घेऊन अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये असे सुचविले की, दंत्योष्ठ्य ध्वनी जगात पसरले ते शेती व मऊ अन्न यांच्या मागोमाग. दुसऱ्याच वर्षी ब्रेस यांनी त्यावर आक्षेप घेतला : झाकती ठेवण जर इतकी अलीकडची आहे तर शेतीच्या आरंभाशी तिचा संबंध लावता येणार नाही. कल्पना तीस वर्षे पडून राहिली. २०१९ मध्ये दामियान ब्लासी, स्टीव्हन मोरान, बाल्थासार बिकेल आणि त्यांचे सहकारी यांनी ती ‘सायन्स’ नियतकालिकात पुन्हा मांडली, पण या वेळी गणित आणि प्रतिकृती यांच्या आधाराने. त्यांच्या हिशेबाप्रमाणे झाकत्या ठेवणीत दंत्योष्ठ्य ध्वनीला स्नायूंचे श्रम सुमारे तीस टक्के कमी पडतात. आणि शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजांच्या भाषांत या ध्वनींचे सरासरी प्रमाण अन्न पिकविणाऱ्या समाजांच्या सुमारे एक-चतुर्थांश आहे.

या निष्कर्षाबद्दल आमच्या क्षेत्रात अद्याप एकमत नाही, आणि नसावे हेच योग्य. ऑस्ट्रेलियातील बहुतेक मूळ भाषांत दंत्योष्ठ्य ध्वनी नाहीत हे खरे, पण त्यांत ‘स’सारखे घर्षक ध्वनीही नाहीत, मग एकट्या ‘फ’च्या अभावाचे खापर दातांवर कसे फोडावयाचे? शिवाय भिडत्या ठेवणीचा माणूस हे ध्वनी उच्चारू शकत नाही असे कोणीच म्हटलेले नाही. दावा एवढाच की, पिढ्यानुपिढ्यांच्या ओघात सोपा उच्चार टिकण्याची शक्यता वाढते. असा दावा एखाद्या भाषेच्या उदाहरणाने सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही.

तरीही आपल्या परंपरेतील एक उदाहरण येथे नोंदविण्याजोगे आहे. संस्कृत व्याकरणात ‘व’ हा ‘उ’चा जोडीदार आहे. संधीत ‘उ’चा ‘व’ होतो, संप्रसारणात ‘व’चा ‘उ’ होतो. म्हणजे व्याकरणाच्या व्यवस्थेत तो शुद्ध ओष्ठ्य अर्धस्वर आहे, आणि तुलनात्मक अभ्यासही मूळ भारोपीय ध्वनी तसाच होता असे सांगतो. परंतु प्रत्यक्ष उच्चार वर्णिणारे ग्रंथ निराळे सांगतात. तैत्तिरीय व वाजसनेयी प्रातिशाख्यांत ‘व’च्या उच्चारात दातांचा उल्लेख येतो आणि पाणिनीय शिक्षेत तर तो ‘दंत्योष्ठ्य’ म्हणूनच नमूद आहे. व्यवस्थेत जुना ओष्ठ्य, तोंडात नवा दंत्योष्ठ्य, असे हे चित्र आहे. ध्वनिपरिवर्तनाचे असे दोन थर एकाच शास्त्रपरंपरेत जतन झालेले क्वचितच सापडतात. या परिवर्तनामागे दातांची ठेवण होती काय? ज्या भाषेत हे घडले तिच्यात ‘फ’ मात्र महाप्राण स्पर्शच राहिला आणि उपध्मानीय हा ओठांचाच मानला गेला, हे या तर्काविरुद्ध जाते. मराठीत तर ‘फ’चा दंत्योष्ठ्य उच्चार फारसी व इंग्रजी शब्दांच्या सहवासात ‘फळ’, ‘फूल’ अशा घरच्या शब्दांपर्यंत पोहोचला. तेथे ठेवणीपेक्षा संपर्काचा हात मोठा आहे.

हाडांचा पुरावा आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. पुण्याजवळील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला आहे. पण त्या सांगाड्यांतील मोठा भाग लहान मुलांचा आहे. आणि कायमचे दात नुकते आलेल्या मुलाची ठेवण शिकारी समाजातही झाकतीच असते. ती भिडती होते ती पुढे, झिजेने. प्रौढांचे दात पुरेशा संख्येने हाती आल्यावाचून प्रातिशाख्यकारांच्या पूर्वजांचा ओठ कोठे टेकत होता हे ठरविता येणार नाही.

जिवंत माणसांवर मात्र काम करता येण्यासारखे आहे. अँगलच्या तिसऱ्या वर्गातील, म्हणजे खालचा जबडा पुढे असलेली, काही माणसे ‘फ’ आणि ‘व’ उलट्या बाजूने, खालच्या दातांवर वरचा ओठ आणून उच्चारतात, असे इतर भाषांविषयी नोंदलेले आहे. मराठी भाषकांत अशा व्यक्तींच्या उपचारापूर्वी व उपचारानंतर ‘वारा’, ‘विहीर’, ‘फणस’, ‘सफरचंद’ यांसारख्या शब्दांचे ध्वनिमुद्रण करावे. त्याबरोबर ‘चोर’ आणि ‘चिंच’ यांतील दोन निराळे ‘च’ही घ्यावेत, कारण पहिल्याचे स्थान दातांच्या अगदी मागे आहे. ओठांच्या हालचालीचे समोरून व बाजूने चित्रण करावे. दंतमहाविद्यालयातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आणि आपल्या विभागातील एकाने मिळून दोन वर्षे दिली तर हे काम पुरे होण्यास हरकत नाही. रोग्याची आणि अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागेल, आणि उपचार संपून तारा निघाल्यावर निदान सहा महिन्यांनी पुन्हा एक ध्वनिमुद्रण करावे; कारण जीभ आणि ओठ जुन्या सवयी दातांच्या मानाने उशिरा सोडतात.